निळ्या कोळ्याचं मरण

१

वैभवचा पाळलेला कोळी मेला आणि दुपारच्या आत मारणाऱ्याचं नावसुद्धा ठरून गेलं. माणूस मेला असता तर एवढी घाई कुणी केली नसती.

भाग्यश्रीला ही बातमी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कळली. ती आदिलाबादला इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना प्राणिशास्त्र शिकवायची. महिपतरावांचा फोन आला तेव्हा तिच्या हातात बेडकाचं चित्र होतं.

"मॅडम, तुमच्या भावानं आमच्या घरात दवाई फवारली," ते म्हणाले. "वैभवचा कोळी मेला. उद्या जंगलवाले चौकशीला येऊन राह्यले. त्याच्या आधी नागेशनं कबूल करावं अन् माफी मागावी. नाई तर शाळेत पाय ठेवू नये."

आजवर महिपतराव तिला 'पोरी' म्हणत आले होते. आज एकाएकी ती 'मॅडम' झाली, तेव्हाच तिला कळलं की प्रकरण साधं नाही.

नागेश तिचा धाकटा भाऊ. वैभवचे वडील महिपतराव शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, आणि त्यांच्या शाळेत तो कित्येक वर्षं हंगामी कारकून होता. कायम नेमणुकीच्या कागदावर एकच सही राहिली होती आणि ती महिपतरावांची होती. माफी मागितली तर गुन्हा कबूल केल्यासारखं होणार, आणि असा कोळी तर कायद्यानं संरक्षित. नाही मागितली तर नोकरी गेलीच. दोन्हीकडून गळ्याला फास होता.

"पुरावा काय आहे, काका?" तिनं विचारलं.

"त्याचा दुपट्टा. कोळ्याच्या खोलीतच सापडला. दवाईचा वास मारून राह्यला. पिवळा, लाल काठाचा."

भाग्यश्रीनं फोन ठेवला. तो दुपट्टा तिनंच नागेशला घेऊन दिला होता.

२

नागेश भीमपूरला घराच्या ओट्यावर बसला होता. समोर बाप, रामाजी. म्हाताऱ्याचा रोजचा एकच प्रश्न असायचा, पोस्टचं झालं का, म्हणजे कायम नेमणुकीचं. आज त्यानं तोही विचारला नव्हता.

"तू मारला का?" भाग्यश्रीनं आल्या आल्या विचारलं. सख्ख्या भावालाही आधी हेच विचारावं लागतं, याचा तिला स्वतःचाच राग आला.

"ताई, त्या घरात त्या कोळ्याचं मले जेवढं वाटे तेवढं कोणालेच वाटत नव्हतं," नागेश म्हणाला.

आणि ते खरं होतं. कोळ्यांचं वेड मुळात नागेशचं. लहानपणापासून तो झाडांच्या ढोलीत डोकावत हिंडायचा. पाळायला त्याच्याकडे ना जागा होती, ना परवानगी. वैभवला हे वेड त्याच्याकडूनच लागलं, आणि पैसेवाल्याला वेड लागलं की ते लगेच घरात येतं. हैदराबादच्या दलालानं फोटो पाठवले तेव्हा दोघं याच ओट्यावर बसून निवडत होते. नागेशनं तपकिरी, जमिनीत बीळ करून राहणारा, संथ कोळी दाखवला होता. तोही परवानगीशिवाय घेऊ नये, असं बजावलं होतं. वैभवला हवा होता झाडावरचा, तळहाताएवढा, निळाशार, पायांवर पिवळे ठिपके असलेला.

"मी म्हटलं, हा पयल्यांदा पाळणाऱ्याचा जीव नाही. इजेसारखा पळते. याच्या अंगावरचे केस खाजवत नाहीत, पण चावला तर माणूस रडते. अन् उंच जागा लागते याले, चढायले. तर तो म्हणे, तुया तो मातकट कोळी व्हिडिओत कोण पाहीन?"

तो निळा कोळी आला. वैभवनं त्याचे व्हिडिओ टाकले, लोकांनी वाहवा केली, आणि शेवटी ते व्हिडिओ जंगल खात्यानंही पाहिले. रविवारी त्यांचा फोन येऊन गेला होता.

"रविवारी तू तिथं गेला होतास?"

"वैभवनंच बलावलं. बाबाच्या वावरात पऱ्हाटीवर फवारा मारत होतो. त्याचा फोन, जसा आहे तसा ये. हातपाय धुतले, सदरा बदलला अन् निघालो. दुपट्टा गळ्यातच राह्यला. फाटकाशी ध्यानात आलं, तं कुंपणाच्या तारेवर टाकला. दवाईचं फडकं घरात कसं नेऊ? निघतानी इसरलो."

"आणि कोळी?"

"पाह्यलाच नाही. वैभव म्हणे, खोलीत नको जाऊ, तो घाबरून राह्यला. मले बी पटलं. किती दिवसांपासून जाळं इणून सालीच्या आत बंद झालता तो, खाणं सोडून. कात टाकायच्या आधी करतेत तसं. कात टाकतानी बी मरतेत कधी कधी. पण मेलेला बी मले दाखवला नाही, ताई. मी गेलो तं फाटकातूनच वापस लावलं."

इतकी वर्षं त्या घरात आपल्याला कुणी परकं मानत नाही, असं नागेश समजत होता.

"मला दाखवावाच लागेल," भाग्यश्री म्हणाली आणि तिनं गाडीची किल्ली घेतली.

३

कोळ्याची खोली म्हणजे वैभवची बसायची खोली. कोपऱ्यात काचेची उभी पेटी, आत सालीचा उभा तुकडा, त्यावर पांढरं जाळं. पेटीच्या काचेवर हात फिरवला तर बोटांना तेलकट काहीतरी लागलं आणि उग्र वास आला. भीमपुरात वाढलेल्या माणसाला तो वास ओळखायला शिकावं लागत नाही.

वैभव डोळे लाल करून बसला होता. शेजारी त्याची आई, रेणुकाबाई.

"ताई, भाऊ मानलं होतं त्याला," वैभव म्हणाला. "जंगलवाल्यांच्या चौकशीत आपलं नाव येईल म्हणून घाबरला असेल. पण मारून टाकायचं?"

"मला कोळी बघू दे."

त्यानं मिठाईचा खोका आणला. आत सरकीसकट कापसावर कोळी पसरला होता. पाय आठही होते, निळा रंग जरा फिकटलेला, पोट चुरगळलेलं. भाग्यश्रीनं बोट पुढं केलं तसा वैभवनं खोका मागं ओढला.

"हात नका लावू. केस विषारी असतात याचे. चार दिवस खाज जात नाही."

भाग्यश्रीनं हात मागं घेतला. ती शिकवायची त्या पुस्तकात या कोळ्याबद्दल एक ओळही नव्हती. पण नागेशनं सकाळीच सांगितलं होतं की याच्या केसांनी खाज सुटत नाही. दोघांपैकी एक चुकत होता, किंवा खोटं बोलत होता.

ती पुन्हा पेटीकडे वळली आणि गुडघ्यावर बसून आत बघू लागली. सालीच्या बुडाशी काहीतरी हललं. मिशा बाहेर आल्या, मग डोकं. एक गलेलठ्ठ झुरळ होतं, कोळ्याला खायला सोडलेलं. आरामात फिरत होतं.

"काय उकाडा आहे बाई," रेणुकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पंख्याचं बटण दाबलं.

पंखा गरगरला. खोक्यातला तळहाताएवढा कोळी थरथरला, कापसावरून सरकला आणि खोक्याच्या कडेला जाऊन अडकला. वैभवनं झडप घालून झाकण लावलं.

एवढा मोठा जीव, आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडतो? त्या क्षणापासून नागेशवरचा भाग्यश्रीचा उरलासुरला संशय मेला, आणि दुसऱ्या कुणावरचा तरी जन्माला आला.

४

स्वयंपाकघरात वैभवची बायको नीलिमा भांडी आवरत होती. तिला सातवा महिना होता. कोळी घरात नको म्हणून ती पहिल्या दिवसापासून सांगत होती, आणि पहिल्या दिवसापासून तिचं कुणी ऐकत नव्हतं.

"तुझ्यावर बरं कुणी संशय घेतला नाही," भाग्यश्री म्हणाली.

"घ्यायला पायजे होता," नीलिमा म्हणाली. "मी मारलाच असता, ताई. पोटात लेकरू आहे अन् घरात ते. पण माह्या हातून झालं नाही. जंगल खात्याले फोन मात्र मीच केला. ह्यांना सांगू नका."

भाग्यश्रीनं मान हलवली. भाबडी पोरगी, तिनं आपल्या भीतीचा मार्ग निदान कायद्यातून काढला होता.

"अन् वरून मलाच बोलणी," नीलिमा भांडं आपटत म्हणाली. "लोणच्याची बरणी हरवली, प्लास्टिकची, ती उंचवाली. सासूबाई म्हणतात मीच फोडली अन् लपवली. फोडली असती तर तुकडे नसते का दिसले?"

"कधीपासून दिसत नाही?"

"रविवारी दुपारी घासून उपडी घातली होती. संध्याकाळी नाही."

परसात रेणुकाबाई तांदूळ निवडत होत्या. शेतकऱ्याच्या घरातून आलेली बाई, लग्नाआधी आपल्या हातानं पऱ्हाटीवरचा कापूस वेचलेली. आता या घरात शेतीचं सगळं मजुरांच्या हातावर चालायचं.

"काकू, दुपट्टा कुणाला सापडला?"

"वैभवले. पेटीमागं पडलेला. मी त्याले तेवाच म्हटलं, बाप्पा, दवाईचं फडकं कोणी घरात आणते का? माहे भाऊ फवारा मारून आले तं उंबऱ्याबाहीर कपडे काढत. लेकराबाळाचं घर. नागेश बी तसाच, किती वेळा पाह्यलं मी, तारेवर टाकूनच आत येते. या वक्ती काऊन आणला, देव जाणे."

"वैभवनं कधी फवारा मारलाय?"

रेणुकाबाई हसल्या. "तो कायले मारते? त्याले वावराचा बांध ठाव नाही. पण आता डोकं ठिकाणावर आलं म्हणा. रविवारपासून रोज वावरात जाऊन राह्यला, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बसते म्हणे. कोळ्याचं येड सुटलं अन् पोरगं शेतीले लागलं."

त्या कौतुकानं बोलत होत्या, आणि आपण पोराच्या गळ्याभोवती दोरी आवळतो आहोत हे त्यांना कळतही नव्हतं. भाग्यश्रीला त्यांची दया आली. पण तिच्या भावाची दया या घरात कुणाला आली होती?

५

तिनं सगळ्यांना कोळ्याच्या खोलीत बोलावलं. महिपतराव खुर्चीत बसले, नीलिमा दाराशी उभी राहिली. नागेशलाही तिनं बोलावून घेतलं. तो आतापर्यंत फाटकाबाहेरच उभा होता.

"मॅडम, लवकर आटपा," महिपतराव म्हणाले. "तहकीकात करायची पद्धत ही नव्हे."

"आटपते, काका. वैभव, पेटीत झुरळ जिवंत आहे. जी दवाई एवढा कोळी मारते, तिनं त्याच पेटीतलं झुरळ कसं काय सोडलं?"

वैभव म्हणाला, "झुरळं चिवट असतात."

"असतात. म्हणून मी काच बघितली. दवाई फक्त बाहेरून फासली आहे. आत एक थेंब नाही. ज्याला मारायचं होतं तो नुसती बाहेरून कशाला फासेल? पेटी आतून खराब होऊ नये, याची काळजी कुणाला? ज्याला त्यात पुन्हा काहीतरी ठेवायचं आहे त्यालाच."

भाग्यश्री महिपतरावांकडे वळली.

"दुपट्टा नागेशचा आहे. पण फवारणारा माणूस ते फडकं घरात आणत नाही. काकूंना विचारा, नागेशला विचारा, माझ्या बापाला विचारा. हे ज्यानं पेटीमागं टाकलं त्यानं जन्मात फवारा मारलेला नाही. फवारणारे असेच दवाईचे कपडे घेऊन घरात शिरतात, असं वाटणारा या घरात एकच आहे."

रेणुकाबाईंचा हात तोंडाशी गेला.

भाग्यश्रीनं मिठाईचा खोका उघडला. वैभव पुढं झाला, पण नागेश मध्ये उभा राहिला. तिनं कोळी दोन बोटांत उचलला. लसणाच्या पाकळीवरच्या सालीएवढंही वजन त्याला नव्हतं. पाठीवरची ढाल झाकणासारखी उघडली आणि आत काहीच नव्हतं.

"ही कात आहे," नागेश म्हणाला. त्याला एका नजरेत कळलं. म्हणूनच त्याला फाटकातून परत पाठवलं होतं.

"हो. म्हणून हात लावू द्यायचा नव्हता. म्हणून विषारी केसांची गोष्ट. कोळी मेला असं जंगलवाल्यांना दाखवायला प्रेत पाहिजे होतं, आणि प्रेताला मारणारा. चौकशी मिटली की कोळी पुन्हा या पेटीत. खरा कोळी कुठं आहे, वैभव? लोणच्याच्या बरणीत ना, मोटारीच्या खोलीत?"

वैभव खाली बघत म्हणाला, "कुणाचं तरी नाव घ्यावंच लागलं असतं. नागेशचं काय जाणार होतं? चार दिवस बोलणी खाल्ली असती. नंतर मीच बाबांना समजावून सही करून घेतली असती."

त्याच्या आवाजात लाज नव्हती. हिशेब चुकल्याची कुरकुर होती. नागेशनं नुसतं विचारलं, "कात टाकून किती झालं होतं?"

"शनिवारी टाकली."

"अन् रविवारी तू त्याले गाडीवर नेलं?" नागेश दाराकडे धावला.

६

महिपतरावांचं वावर भीमपूरच्या रस्त्यावरच होतं. मोटारीची खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक दार, खिडकी नाही. स्टार्टरच्या डब्यामागं, गोणपाटाखाली बरणी होती. झाकणाला वैभवनं भोकं पाडली होती, एवढी अक्कल त्याला होती.

नागेशनं झाकण उघडलं.

कोळी तळाशी होता. नव्या कातडीचा निळा रंग इतका चमकत होता की भाग्यश्रीनं तसा निळा कधी पाहिला नव्हता. पाय मात्र आठही पोटाखाली आवळले होते, मूठ मिटावी तसे.

"कात टाकल्यावर अंग लोण्यासारखं मऊ असते त्याचं," नागेश म्हणाला. "हात बी लावायचा नसते. अन् तू खड्ड्यांतून आपटत आणला, पत्र्याखाली ठेवला." त्यानं कोळी तळहातावर घेतला. याला वजन होतं.

महिपतराव मागून आले. त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग पोराकडे, आणि मग भाग्यश्रीला बाजूला नेलं. आवाज एकदम मायेचा झाला.

"पोरी, घरातलं घरात राहू दे. नागेशच्या कागदावर मी आत्ता सही करतो, इथंच, कागद गाडीत आहे. फक्त त्यानं उद्या जंगल खात्याच्या बाईला सांगायचं, कोळी माह्या फवाऱ्यानं मेला, चुकून झालं. चुकीले कोण फाशी देते? बाकी मी पाहून घेतो. वैभवचं लेकरू येऊन राह्यलं."

सकाळी भाग्यश्री भावाची नोकरी वाचवायला निघाली होती. खरं शोधलं की नोकरी वाचेल, असं ती धरून चालली होती. आता दोन्ही समोर होतं आणि दोन्ही एकदम घेता येत नव्हतं. तिनं नागेशकडे पाहिलं. तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं की त्यानं काय म्हणावं असं तिला वाटत होतं.

"काका," नागेश म्हणाला, "चुकून मारायले बी त्याच्यापाशी जावं लागते. रविवारी मले त्याच्या खोलीत जाऊ दिलं नाही, अन् आज तुमी फाटकाच्या आत येऊ दिलं नाही."

महिपतरावांनी मान वळवली. तेवढ्यात ते पुन्हा अध्यक्ष झाले. "मग सोमवारपासून शाळेत येऊ नको," ते म्हणाले आणि गाडीकडे गेले.

वैभव मात्र थांबला. त्यानं नागेशच्या खांद्यावर हात ठेवला, नेहमी ठेवायचा तसा.

"मनाला लावून घेऊ नको यार," तो म्हणाला. "पुढच्या वेळी तू म्हणत होतास तोच घेऊ. जमिनीवरचा."

नागेशनं खांदा सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक अर्पिता आली. नागेशनं तिच्यासमोर मिठाईचा एकच खोका ठेवला, त्यात दोन निळे कोळी होते. एक पोकळ होता आणि एक भरलेला. घडलं ते त्यानं पहिल्यापासून सांगितलं, स्वतः फोटो बघायला बसला होता तेही. अर्पितानं पंचनामा लिहिला, भाग्यश्रीनं साक्षीदार म्हणून सही केली. वैभवला दंड होईल का आणखी काही, ते अर्पितालाही ठाऊक नव्हतं. महिपतरावांची ओळख वरपर्यंत होती.

दुपट्टा तेवढा परत मिळाला. तो घेऊन दोघं भाऊ-बहीण घरी आले तेव्हा रामाजी ओट्यावरच होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"खरं काय ते निघालं, बाबा," भाग्यश्री म्हणाली. "नागेशनं मारला नव्हता."

"ते मले ठाव होतं," म्हातारा म्हणाला. "मी पोस्टचं इचारून राह्यलो."

नागेशनं दुपट्टा कुंपणाच्या तारेवर टाकला आणि हातपाय धुवायला गेला.